डांबराला चाक न लावता

तीर्थरूप अक्का,

धाकट्या लेलंडचा नमस्कार, पासष्टी उलटल्यावर जेवढं वाकता येतं तेवढं वाकून. तुझा नवा गुडघा एव्हाना कुरकुर करायचा थांबला असेल. ॲरिझोनात मे महिन्यातच ऊन भाजून काढतं म्हणतात, तेव्हा दुपारी अंगणात जात जाऊ नकोस आणि त्या निवडुंगांना पाणी घालू नकोस, ते त्यांचं त्यांचं जगतात. मांजर खाते-पिते ना? इथे आम्ही दोघं ठीक. वारा आहे तसाच आहे. परवा शेजाऱ्यांची कचऱ्याची पेटी आमच्या अंगणात आली आणि आमची चर्चच्या पायरीवर जाऊन बसली, म्हणजे कॅन्सस आहे त्या जागी आहे असं समज.

अक्षर बघून दचकली असशील, तर खुलासा करतो. हे अक्षर नेड्राचं आहे. माझे दोन्ही हात पट्ट्यांत गुंडाळलेले आहेत. काळजीचं कारण नाही, आणखी आठवड्याभरात निघतील. मी सांगतोय आणि ती लिहितेय. चाळीस वर्षांच्या संसारात माझं बोलणं तिने इतकं मन लावून ऐकण्याचा हा पहिलाच प्रसंग, त्यामुळे मी सावकाश सांगणार आहे. तिने एकच अट घातली. जिथे माझं सांगणं वास्तवाला सोडून वाहवत जाईल, तिथे ती कंस टाकून आपलं म्हणणं लिहिणार. म्हणजे कंसात जे काही येईल ते तिचं, बाहेरचं माझं. तू दोन्ही वाच, पण विश्वास बाहेरच्यावर ठेव. (अक्का, नमस्कार. मांजराचा फोटो मिळाला. सुरुवात करू दे त्याला.)

तर गोष्ट अशी. शाळेतून निवृत्त झालो आणि माझं ब्लड प्रेशर वाढलं. पस्तीस वर्षं रोज पोरांचे बेसूर ट्रंपेट ऐकून जे वाढलं नाही, ते घरच्या शांततेत वाढलं. डॉक्टर म्हणाला, चाला नाहीतर सायकल चालवा. आपल्या गावात चालणं म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. घरापासून पोस्टापर्यंत जायचं तर वाटेत प्रत्येक दारात थांबावं लागतं, प्रत्येकाच्या पाठदुखीची चौकशी करावी लागते, आणि परत येईपर्यंत छातीचा ठोका जरासुद्धा वाढलेला नसतो. तेव्हा सायकल. जाड टायरची, खडीच्या रस्त्यावर चालणारी, दिसायला हडकुळी पण काटक. पहिल्या दिवशी मी ती घेऊन हमरस्त्यावर निघालो. अर्धा मैल गेलो असेन, तेवढ्यात गुरांनी भरलेला एक ट्रक इतका जवळून गेला की त्यातल्या एका बैलाने माझ्याकडे ओळखीने बघितलं. ट्रकच्या मागच्या हवेने मला उचललं आणि रस्त्याकडेच्या चरात ठेवलं. चरात पाणी होतं. पाण्यात बेडूक होते. मी तसाच घरी आलो. नेड्राने मला दारातच थांबवलं आणि म्हणाली, “लेलंड, पुन्हा डांबरावर चाक टेकवलंस तर या घरात पाय टेकवू नकोस.” (हे शब्दशः खरं आहे.)

आता तुला आठवत असेल, आपल्या जिल्ह्यात डांबर कमी आणि खडी जास्त. या टेकड्यांवर माणूस औषधालासुद्धा सापडत नाही, पण प्रत्येक मैलावर सरळसोट खडीचा रस्ता मात्र आखून ठेवलेला आहे. मला वाटलं, एवढे रस्ते आहेत तर घरापासून निघून, डांबराला चाक न लावता, मार्सेलाच्या कॅफेपर्यंत जाऊन दुसऱ्या वाटेने घरी येणं अगदी सोपं असेल. अक्का, सोपं नव्हतं. अख्खा हिवाळा मी त्यात घातला. पहिली अडचण दगडांची. आपल्या टेकड्यांतली खडी म्हणजे चकमकीची, तिची धार सुरीसारखी. पहिल्या महिन्यात इतकी पंक्चरं झाली की मी सायकल चालवली त्यापेक्षा जास्त वेळ ती उलटी करून तिच्याशेजारी बसलो होतो. मग चिखल. पाऊस पडून गेल्यावर खालच्या नदीकाठच्या रस्त्याने गेलो तर तिथली काळी माती चाकांना अशी चिकटली की चाकं फिरेनात. सायकलचं वजन वासराएवढं झालं. मी ती खांद्यावर घेऊन तीन शेतांची कुंपणं संपेपर्यंत चाललो. समोरून गाडीवाला थांबून म्हणाला, “मास्तर, तिला बसवून नेण्यापेक्षा तिच्यावर बसा.” असल्या टोमण्यांना मी उत्तर देत नाही. (दिलं होतं. इथे लिहिण्यासारखं नाही.)

मग कुत्री. वेस्टफॉलांच्या वळणावरचा तो लांडग्यासारखा कुत्रा माझ्या मागे लागायचा. मला सुचलं की बँडमास्तराची शिट्टी जवळ आहे, एक जोरात मारली की जनावर बिचकेल. मारली. तो बिचकला नाहीच, उलट आसपासच्या शेतांवरून आणखी तिघं आले. त्या दिवशी मी टेकडी ज्या वेगाने चढलो तो वेग पुन्हा कधी साधला नाही. आणि गायींचं तर विचारूच नकोस. थंडीत गुरांना चारा घालायला गाडी येते ना, त्या गाडीची त्यांना इतकी सवय झालेली असते की जे काही चाकांवर येईल ते खाणं घेऊन आलंय असा त्यांचा समज. एकदा उघड्या कुरणातून मी चाललो होतो, तर मागून घुमल्यासारखा आवाज. वळून पाहतो तर सगळा कळप रांगेने माझ्यामागे. मी हळू तर त्या हळू, मी थांबलो तर त्या थांबल्या आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. पस्तीस वर्षं मी गावच्या मिरवणुकीत बँड नेला, पण पावलं अशी एका तालात पडलेली कधी पाहिली नाहीत. मन भरून आलं. मी दोन मैल तसाच पुढे गेलो. (गायींचा मालक संध्याकाळी इथे येऊन ओरडून गेला.)

असं करत करत मार्चच्या सुरुवातीला माझा मार्ग तयार झाला. धान्याच्या कोठारापासून निघायचं, ओढ्याच्या कडेने वर चढायचं, टेकडीच्या पाठीवरून जायचं, जिथून चारी बाजूंना नुसतं गवत आणि आभाळ दिसतं, आणि मार्सेलाकडे उतरून बीन्स-मांसाची वाडगाभर चिली आणि दालचिनीचा रोल खायचा. परतताना दुसरी वाट. गाडी दिसली तर चुकून. सगळं जमलं, फक्त एक मैल जमेना. परतीच्या वाटेवर एका मैलापुरतं हमरस्त्यावर यावंच लागत होतं. आणि तो मैल टाळायचा तर एकच उपाय होता: पूर्वीचा पुलाकडचा रस्ता. पूल पडल्यावर सरकारने तो सोडून दिला. आता तो एमेट पॉस्पिसिलच्या कुरणातून जातो, आणि एमेटने त्याला गेट घालून कुलूप लावलेलं आहे.

एमेटला तू पाहिलं असशील तेव्हा तो शाळेत होता. माझ्या बँडमध्ये होता थोडे दिवस, मग त्याने मोठा ढोल फोडला आणि आम्ही दोघांनी संमतीने तो विषय संपवला. आता पन्नाशीचा आहे. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको लवॉन गेली. तेव्हापासून तो गावात येत नाही, कुणाशी बोलत नाही, आणि गेटवर पाटी आहे: ‘आत येऊ नये.’ खाली नावही नाही. तरी मी गेलो. मला वाटलं, गुरू-शिष्याचं नातं आहे, नाही कसं म्हणेल. तो गेटच्या आत उभा, मी बाहेर सायकल धरून.

“काय विकायला आलात, मास्तर?”

“विकायला नाही. रस्ता मागायला आलोय.”

“शिल्लक नाही.”

“एमेट, मैलभराचा तर प्रश्न आहे. आवाज नाही, धूर नाही. नुसती सायकल.”

“आज सायकल. उद्या आणखी चार सायकली. परवा त्यांच्या बायका डबे घेऊन येतील. लवॉन गेली तेव्हा टूना आणि नूडल्सचे डबे इतके आले की डुकरांनी खायचे सोडले. प्रत्येक डब्याबरोबर एक बाई, आणि प्रत्येक बाई इथे उभी राहून म्हणणार, आता ती चांगल्या ठिकाणी आहे. चांगलं ठिकाण हेच होतं. ती इथेच होती. म्हणून गेट लावलं. निघा आता.”

त्या डबे देणाऱ्यांत नेड्रा होती हे मी त्याला सांगितलं नाही. (माझा टूनाचा नव्हता. बटाट्याचा होता आणि डबा परत आलेला नाही.)

मी निघालो. म्हणजे त्या दिवशी निघालो. पण अक्का, मार्ग म्हणजे संगीतासारखा असतो, शेवटची ओळ गाळून गाणं पुरं होत नाही. पाटीवर ‘आत येऊ नये’ असं होतं, ‘वरून येऊ नये’ असं नव्हतं. मी आधी सायकल गेटवरून पलीकडे सोडायचो, मग स्वतः चढायचो. मार्चभर गेलो. तो मैल सगळ्यात सुंदर आहे. दोन्हीकडे कमरेइतकं वाळलेलं गवत, मधे खडीची पट्टी, आणि कुठलाच आवाज नाही. (मला यातलं काही माहीत नव्हतं. मला सांगितलं होतं की हमरस्त्याचा मैल तो पायी, सायकल हातात धरून, चराच्या पलीकडून जातो.)

आता एप्रिल. एप्रिल म्हणजे आपल्याकडे जाळणीचे दिवस, नव्या गवतासाठी जुनं पेटवायचं. सगळीकडून धूर उठत असतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. त्या दिवशी मी गेट चढून आत गेलो तेव्हा कुरणाच्या दूरच्या कडेला धूर दिसला. मला वाटलं, एमेट जाळतोय, शेजारी मदतीला असतील, आपल्याकडे कोण बघतंय. वारा दक्षिणेचा होता, धूर माझ्यापासून दूर चालला होता. मी निम्म्यावर आलो आणि वारा फिरला. अक्का, तू इथे वाढलीस, तुला सांगायला नको. एक क्षण सगळं गप्प झालं, आणि मग वायव्येकडून असा झोत आला की माझी टोपी उडाली. पाठोपाठ धूर. धुराखाली केशरी रेघ. मी सायकल वळवली. खरं सांगतो, मी पळून जाणार होतो. तेवढ्यात खालच्या ओघळीतून मला शिव्या ऐकू आल्या. एकट्या माणसाच्या, पण दोन माणसांना पुरतील एवढ्या.

एमेटची चार चाकांची मोटारसायकल ओघळीत उलटली होती आणि त्याचा पाय तिच्याखाली होता. मागची पाण्याची टाकी फुटून सगळं पाणी मातीत गेलं होतं. आजूबाजूला कुणी नव्हतं. जाळणीला शेजाऱ्यांना बोलवावं लागतं, आणि बोलवायचं म्हणजे बोलावं लागतं, म्हणून या बहाद्दराने एकट्याने आग लावली होती. मला पाहून त्याचं पहिलं वाक्य होतं, “गेटला कुलूप आहे. तुम्ही आत आलात कसे?”

मी म्हटलं, “वरून.”

“पाटी वाचता येत नाही?”

“एमेट, ते नंतर. पाय हलतोय का?”

“हलत असता तर इथे तुमच्याशी गप्पा मारत पडलो असतो?”

मी गाडी उचलायला गेलो. धूर सोडणारी तापलेली नळी कुठे असते ते मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. दोन्ही तळहात तिथेच गेले. गाडी मात्र तसूभर हलली नाही. फोनला त्या ओघळीत रेंज नाही. मग कुंपणाशी पडलेला एक जुना लाकडी खांब दिसला. तो ओढून आणला, एक टोक गाडीखाली घातलं, दगडावर टेकवला आणि दुसऱ्या टोकावर मी सगळा बसलो. हे वजन मी अनेक वर्षं मार्सेलाच्या रोलवर जोपासलं आहे आणि डॉक्टर त्याच्या विरोधात होता, पण त्या दिवशी ते कामी आलं. गाडी वर आली. पण मी उतरलो की ती खाली येणार. आधाराला काहीतरी हवं होतं, आणि हाताशी एकच वस्तू होती. मी पायाने सायकल ओढली आणि गाडीखाली सारली. कडाड असा आवाज झाला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. पण तिने भार धरला. एमेट कोपरांवर रांगत बाहेर आला.

तोवर ज्वाळा टेकडीच्या माथ्यावर आल्या होत्या. आवाज असा की मालगाडी येतेय. एमेटला घेऊन पळणं शक्यच नव्हतं, त्याचा पाय भलतीकडे वळला होता. तो म्हणाला, “मास्तर, तो आग लावायचा तेलाचा डबा पडलाय ना, तो घ्या. आपल्या पुढचं गवत पेटवा.”

मी म्हटलं, “आग मागून येतेय.”

“म्हणूनच. पुढचं जळून गेलं की आपण त्या काळ्यात जाऊन बसायचं. जळलेलं पुन्हा जळत नाही. लवकर करा, मला शिकवू नका.”

अक्का, मी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा माणूस. आयुष्यात कधी पानांचा ढीगसुद्धा पेटवला नाही. त्या दिवशी मी उभं कुरण पेटवलं. वाऱ्याने ते गवत धडाडून पुढे गेलं, आणि मागे काळी, धुमसती जमीन राहिली. एमेटला काखेत धरून मी त्या काळ्यात ओढलं. मग मोठी आग आली, आमच्यापाशी तिला खायला काही नव्हतं, तेव्हा दोन्ही बाजूंनी फुटून पुढे गेली. झालं. आम्ही तिथे बसून राहिलो. आमची आग आणि मागची आग, दोन्ही रस्त्यापर्यंत गेल्या आणि खडीच्या पट्टीवर विझल्या. त्या पट्टीच्या पलीकडे एमेटचं घर होतं, गोठा होता, वर्षाचा चारा होता. तो त्या रस्त्याकडे बघत म्हणाला, “लवॉन असती तर पाण्याची गाडी तिने धरली असती. मी आग लावायचो आणि ती मागून यायची. कधी मागे वळून बघावं लागलं नाही.” काही वेळा गप्प बसणं हेच वाजवणं असतं, हे मी पोरांना नेहमी सांगायचो.

धूर बघून गावच्या स्वयंसेवकांची अग्निशमनची गाडी आली. मार्सेला तिची चालक. अंगात तो पिवळा कोट आणि कोटाला पीठ. पाठोपाठ नेड्रा, आमच्या मोटारीतून, काळ्या कुरणातून थेट. मी आपादमस्तक काजळलेला, भुवया नाहीत, हात पुढे धरून बसलेला. तिने खाली उतरून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “डांबरावर गेला नव्हतास ना?” मी म्हटलं, “नाही.” ती म्हणाली, “मग ठीक,” आणि मटकन काळ्या जमिनीवर माझ्याशेजारी बसली. तिचा तो निळा स्कर्ट गेला. (स्कर्ट गेला. भुवया येतायत.)

आता विजयाकडे येतो. एमेट दवाखान्यातून घरी आला, पायाला मांडीपर्यंत प्लास्टर. दुसऱ्याच दिवशी त्याने मला बोलावलं. गेटचं कुलूप काढलेलं होतं. म्हणाला, “खडी टाकायला सांगितली आहे. दोन ठिकाणी गवत वाढलं होतं, तिथे आग जवळजवळ पलीकडे गेली. रस्ता वापरात असला तर गवत वाढत नाही. तुमच्या सायकली किती येतील?” मी म्हटलं, सांगता येत नाही. तो म्हणाला, “येऊ देत. पण एक पाटी मी लावणार.” ती पाटी आता तिथे आहे: ‘गेट लावून घ्या. गुरं आहेत. डबे आणू नयेत.’

आणि मेच्या दुसऱ्या शनिवारी मार्ग सगळ्यांसाठी सुरू झाला; बातमी मार्सेलाच्या कॅफेतून गावोगाव गेली होती. जळलेल्या टेकड्यांवर तोवर असं हिरवं आलं होतं की बघताना डोळे बारीक करावे लागत. मला वाटलं होतं आपले पाच-सहा जण येतील. अक्का, सकाळी धान्याच्या कोठारापाशी गावात राहतात त्यापेक्षा जास्त माणसं उभी होती. विचिटाहून आली, ओमाहाहून आली, एक नवरा-बायको तर दोन जणांच्या सायकलवर भांडत आली आणि भांडतच गेली. माझे जुने विद्यार्थी वाद्यं घेऊन एमेटच्या गेटवर उभे राहिले, आणि त्यांनी जे वाजवलं ते ओळखू येत होतं. मार्सेलाची चिली दुपारच्या आत संपली. तिने रोल अर्धे करून वाढले आणि कुणी तक्रार केली नाही. वेस्टफॉलांचा कुत्रा सुरुवातीला प्रत्येकामागे धावला, पण माणसं संपेनात, तेव्हा बिचारा रस्त्याच्या कडेला आडवा झाला आणि नुसत्या डोळ्यांनी मोजत राहिला. आणि सगळ्यांत पुढे कोण होतं? नेड्रा. उसनी सायकल, डोक्यावर माझं हेल्मेट. जिने मला घराबाहेर काढायची धमकी दिली तीच बाई टेकडीच्या पाठीवर सगळ्यांच्या पुढे, आणि मागे वळून बघतसुद्धा नव्हती. (वारा पाठीमागून होता.)

मी आणि एमेट, एकाचे हात निकामी आणि एकाचा पाय, ट्रॅक्टरमागच्या गवताच्या गाडीवर बसून सेनापतींसारखे शेवटी निघालो. ज्याने त्याने हात केला. (वाहनमुक्त मार्गावर त्या दिवशी एकच वाहन होतं, आणि त्यात हे दोघे होते.) तो मैल आला तेव्हा एमेटने टोपी काढून मांडीवर ठेवली. गेटपाशी काही बायका थांबल्या होत्या. मी घाईने त्यांच्या हातांकडे पाहिलं. पण त्यांच्या हातात डबे नव्हते, आणि कुणी चांगल्या ठिकाणाबद्दल काही बोललं नाही. त्यातली एक एवढंच म्हणाली, “काय सुंदर आहे हे.” एमेट म्हणाला, “हो. माझ्या बायकोला इथूनच बघायला आवडायचं.” आणि मग लवॉन कुठे उभी राहायची, कुठलं फूल कधी येतं, हे तो त्यांना सांगत बसला. ट्रॅक्टरवाला थांबून कंटाळला. दोन वर्षांत हा माणूस जितकं बोलला नव्हता तितकं त्या गेटवर बोलला.

तर अक्का, असा तुझा भाऊ. घराण्यात आजवर कुणी रस्ता उघडला नव्हता, तो मी उघडला. ब्लड प्रेशर उतरलं आहे. डॉक्टर स्वतः दर शनिवारी येतो आणि एमेटच्या चढावर उतरून चालतो. जपून राहा, जिना चढताना कठडा धर, आणि मांजराला माझा आशीर्वाद.

तुझा,
लेलंड

ता. क. एक किरकोळ गोष्ट राहिली. गाडीखाली सारली ती सायकल केंडलची होती. तो अलास्कात कामाला गेला तेव्हा तुझ्या या लाडक्या चिरंजीवांनी ती आमच्या गॅरेजात ठेवली होती आणि ‘हात लावू नका, मामा’ असं सांगितलं होतं. मी तिला हात फार कमी लावला, बहुतेक बसलोच होतो. कडाड झालं ते तिचं झालं, उरलेलं जळालं. तू आई आहेस. एखाद्या चांगल्या क्षणी, त्याचं पोट भरलेलं असताना, हळूच त्याच्या कानावर घाल. खरं तर पत्र त्याचसाठी लिहिलं.

ता. क. दुसरा. सांगताना ‘मामाने एका माणसाचा जीव वाचवला’ इथून सुरुवात कर. सायकल शेवटी.

ता. क. तिसरा, माझा. अक्का, मी नेड्रा. लेलंड मार्सेलाकडे गेलाय, तेव्हा कंस न टाकता लिहिते. केंडलला मी आगीच्या दुसऱ्या दिवशीच फोन केला. तो इतका हसला की त्याला फोन ठेवावा लागला. मामाने अजून एक महिना घाबरावं अशी त्याची इच्छा आहे, तेव्हा तूही काही बोलू नकोस.

पण मला दुसरं सांगायचं आहे. वर त्याने चार पानं स्वतःचं कौतुक करून घेतलं आणि मी ते मुकाट्याने लिहिलं. त्यात एक जागा आहे, ‘दोन्ही बाजूंनी फुटून पुढे गेली. झालं.’ तिथे मी पेन थांबवून त्याच्याकडे बघितलं. त्याने खिडकीबाहेर बघितलं आणि पुढचं सांगायला लागला. ते ‘झालं’ मला एमेटने सांगितलं. आग आली तेव्हा ती काळी जागा फारच लहान होती, एका माणसापुरती. एमेट त्याला म्हणाला, मास्तर, तुमचे पाय धड आहेत, रस्त्याकडे पळा, अजून वेळ आहे. लेलंड म्हणाला, तू माझ्या बँडमध्ये होतास, मी सांगितल्याशिवाय कुणी जागा सोडत नाही. आणि त्याच्यावर पालथा झाला. आग जाईपर्यंत त्याच्या कानात ताल मोजत होता, एक दोन तीन चार, एक दोन तीन चार. एमेट म्हणतो, आवाज जरासुद्धा हलला नाही. त्याचं ते जाड जॅकेट मला गॅरेजात पिंपामागे सापडलं. पाठीकडून कोळसा झालंय. मी विचारलं तर म्हणाला, इस्त्रीने जळालं. आमच्याकडे इस्त्री तो कधी करतो, तूच सांग.

म्हणून एक मागणं आहे. त्याला फोन कर आणि एकदा शाबास म्हण. बाकी कुणाच्या शाबासकीला तो विचारत नाही. गावाने दिली ती त्याने चिलीबरोबर खाऊन टाकली. तुझी हवी आहे, आणि तो मागणार नाही. जॅकेटचं मी सांगितलं असं म्हणू नकोस. आणि फार लांबवू नकोस, एकच शाबास पुरे, त्याहून जास्त झाली तर तो मला घरात आवरणार नाही.

फोन रविवारी कर. शनिवारी आम्ही दोघं घरी नसतो.

नेड्रा